जर्मनीतून ॲम्प्लिफायर मागवणं परवडतं का? बाबांच्या रेकॉर्डसाठी सल्ला हवा

सहकारनगरकर | ९ सप्टेंबर २०२३, रात्री १०:४०

मंडळी, नमस्कार. बरीच वर्षं नुसता वाचतोय, आज पहिल्यांदाच धागा काढतोय.

गेल्या वर्षी बाबा गेले. त्यांच्या दिवाणाखाली दोन लोखंडी ट्रंका होत्या. त्यांत साडेचारशे एलपी आणि साठ-सत्तर जुन्या ७८ च्या लाखेच्या तबकड्या निघाल्या. प्रत्येक एलपीच्या पाकिटावर, मागच्या बाजूला उजव्या कोपऱ्यात, पेन्सिलीने तारीख लिहिलेली आहे. पगार झाला की खडकीहून सायकलने थेट लक्ष्मी रोड गाठायचे आणि एक रेकॉर्ड घेऊनच घरी यायचे. आईला त्या सगळ्या पुन्हा ऐकायच्या आहेत, आणि मला तिला त्या चांगल्या ऐकवायच्या आहेत. रात्री तिला लवकर झोप लागत नाही, म्हणून एक चांगला हेडफोनही हवा आहे.

स्पीकर आहेत. दोन वर्षांपूर्वी कोथरूडच्या एका गृहस्थांकडून वापरलेले घेतले, उत्तम आहेत. ॲम्प्लिफायर मुंबईत एका डीलरकडे ऐकला आणि तो मनात बसलाय. किंमत २,७०,०००. तोच मॉडेल जर्मनीतल्या एका दुकानाच्या साइटवर १,७८५ युरोला आहे. युरो ९० रुपये धरला तर १,६०,६५०. लाखाहून जास्त फरक!

पुतण्या श्टुटगार्टला नोकरीला आहे, डिसेंबरात सवाईला येतोय. शिवाय आतेबहीण न्यू जर्सीत असते. तिच्याकडे एक चांगला टर्नटेबल नुसता पडून आहे, तो घेऊन जा म्हणते. (बाबांच्या टर्नटेबलची मोटर गेली आहे.)

ॲम्प्लिफायर कुरिअरने मागवू, पुतण्याला आणायला सांगू, की मुंबईतच घेऊ? ज्यांनी प्रत्यक्ष मागवलंय त्यांनी कृपया लिहा.

---

मंद्रसप्तक | ९ सप्टेंबर, रात्री ११:१५

बाबांच्या पेन्सिलीच्या नोंदी वाचून आत काहीतरी हललं. जमलं तर एखाद्या पाकिटाचा फोटो टाका. तांत्रिक बाबतीत जाणकार लिहितीलच.

---

हिशेबनीस | १० सप्टेंबर, सकाळी ७:५०

सहकारनगरकर, मी क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात अकरा वर्षं काम करतो, त्यामुळे हा हिशेब रोजचाच आहे. पूर्ण मांडतो, म्हणजे पुढे कुणालाही उपयोगी पडेल.

आधी तुमच्या फायद्याची गोष्ट. साइटवरची १,७८५ ही किंमत जर्मनीतल्या १९ टक्के व्हॅटसकट आहे. माल थेट भारतात पाठवायचा असेल तर दुकान व्हॅट काढून बिल करू शकतं. १,७८५ भागिले १.१९ म्हणजे बरोबर १,५०० युरो. रुपयांत १,३५,०००.

आता कस्टम्स ड्यूटी काही नुसत्या वस्तूच्या किमतीवर लागत नाही, त्यात वाहतूक आणि विमा मिळवतात. समजा वाहतूक १२० युरो, म्हणजे १०,८००. विम्याचा आकडा कागदावर नसेल तर किमतीच्या १.१२५ टक्के धरतात, म्हणजे १,५१९. (वाहतुकीचा आकडा नसेल तर किमतीच्या २० टक्के धरतात. तेव्हा बिलावर वाहतूक वेगळी लिहून घ्याच, नाहीतर १०,८०० च्या जागी २७,००० धरले जातील.) एकूण झाले १,४७,३१९.

वैयक्तिक वापरासाठी कुरिअरने किंवा पोस्टाने येणारी वस्तू कस्टम्सच्या दरपत्रकातल्या ९८०४ या शीर्षाखाली जाते. २०२३ चे दर असे: मूळ ड्यूटी ३५ टक्के, त्या ड्यूटीवर १० टक्के समाजकल्याण अधिभार, आणि या सगळ्याच्या बेरजेवर २८ टक्के आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी). करावर कर बसत जातो आणि शेवटी ७७.२८ टक्के होतात.

१,४७,३१९ वर ७७.२८ टक्के म्हणजे १,१३,८४८. घरपोच खर्च: १,३५,००० + १०,८०० + १,१३,८४८ = २,५९,६४८. वर कुरिअर कंपनी तुमच्या वतीने ड्यूटी भरल्याचे पैसे लावते आणि कार्डावर परकीय चलनाचा अधिभार पडतो.

डीलर २,७०,००० म्हणतोय, आणि त्यात इथली वॉरंटी आहे. थोडक्यात, कुरिअरचा विचार सोडा.

---

सहकारनगरकर | १० सप्टेंबर, सकाळी ९:०५

हिशेबनीस, इतका वेळ काढून आकडे मांडलेत, फार आभारी आहे. मी दोन महिने मनात एक लाख वाचवत होतो. मग पुतण्याने सामानात आणला तर?

---

टिळकरोडवासी | १० सप्टेंबर, सकाळी ९:४०

एवढं कशाला? दुकानाला 'भेटवस्तू' लिहायला सांगा आणि किंमत २०० युरो टाका. पुष्कळ लोक करतात.

---

हिशेबनीस | १० सप्टेंबर, सकाळी १०:२०

टिळकरोडवासी, कृपया असं सुचवू नका. पाच हजारांपर्यंतची भेटवस्तू ड्यूटीशिवाय यायची ती सवलत डिसेंबर २०१९ मध्ये बंद झाली. राखी आणि जीवरक्षक औषधं एवढेच अपवाद राहिले. म्हणजे 'गिफ्ट' लिहून आता काहीच साधत नाही. आणि किंमत खोटी दाखवली तर माल जप्त होऊ शकतो. सोडवायला ड्यूटी, वर दंड. साइटवरची किंमत बघायला अधिकाऱ्याला अर्धा मिनिट लागतो.

---

धायरीफाटा | १० सप्टेंबर, दुपारी १२:१०

हिशेबनीसांशी शंभर टक्के सहमत, आणि माझा अनुभव जोडतो. २०१८ मध्ये मी एक डॅक (डिजिटल संगीताचं ॲनालॉग सिग्नलमध्ये रूपांतर करणारं यंत्र) मागवला होता. विक्रेत्याने आपणहून, मला न विचारता, १०० डॉलर लिहिले. मी भरले होते ६४०. कस्टम्समधून सुटला, मी खूश. खोकं उघडलं तर पुढची पट्टी वाकलेली आणि आत काहीतरी सुटं खडखडतंय. कुरिअरकडे विमा मागितला, तर त्यांनी कागद पुढे केला: जाहीर किंमत १०० डॉलर. तेवढेच मिळाले. बाकीचे ५४० गेले. कमी किंमत लिहिली की विमाही तेवढाच, हे तेव्हा डोक्यातच आलं नव्हतं.

---

विमानतळवारी | १० सप्टेंबर, दुपारी ३:३०

पुतण्याच्या मार्गाबद्दल मी लिहिते. नवऱ्याच्या नोकरीमुळे वर्षातून दोन-तीनदा ये-जा असते.

प्रवाशाच्या सामानाला वेगळा नियम आहे, २०२३ मध्ये लागू असलेले २०१६ चे बॅगेज रूल्स. परदेशातून येणाऱ्या भारतीयाला वापरलेल्या वैयक्तिक वस्तूंखेरीज ५०,००० रुपयांपर्यंतच्या वस्तू ड्यूटीशिवाय आणता येतात. त्यावरच्या रकमेवर ३८.५ टक्के. इथे आयजीएसटी लागत नाही, म्हणून कुरिअरच्या जवळजवळ निम्मी. ८०,००० ची वस्तू कुरिअरने आली तर नुसत्या किमतीवर ६१,८२४ ड्यूटी. सामानात आली तर ३०,००० वर ११,५५०. रेड चॅनेलला (ड्यूटी भरायची असलेल्यांच्या रांगेत) जायचं, बिल दाखवायचं, पैसे भरायचे, पावती घ्यायची. कस्टम्सच्या अतिथी ॲपवर आधीच नोंद केली तर काम आणखी सोपं. मी दोनदा भरलीय, दोन्ही वेळा वीस मिनिटांच्या आत बाहेर पडले.

दोन गोष्टी लोक हमखास चुकतात. नवरा-बायकोचे पन्नास-पन्नास मिळून लाखाची एक वस्तू आणता येत नाही. सवलत माणसागणिक आहे, तिची बेरीज होत नाही. दुसरी गोष्ट तुमच्या पुतण्याची. विमानतळावर व्हॅट परत मिळतो तो युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्यांना. तो श्टुटगार्टचा रहिवासी, त्यामुळे त्याला पूर्ण १,७८५ युरोच पडतील.

म्हणजे १,६०,६५० वजा ५०,००० = १,१०,६५०, त्यावर ३८.५ टक्के म्हणजे ४२,६००. एकूण २,०३,२५०. डीलरपेक्षा ६६,७५० नी स्वस्त, आणि पूर्ण कायदेशीर.

---

सहकारनगरकर | १० सप्टेंबर, दुपारी ४:१५

ताई, हे वाचून जीवात जीव आला. ॲम्प्लिफायर १४ किलोचा आहे, खोक्यासकट १७.

---

बुधवारातला | १० सप्टेंबर, संध्याकाळी ६:००

१७ किलो! २३ किलोच्या बॅगेत पोराचे कपडे आणि आईसाठी आणलेला खाऊ कुठे जायचा?

पण वजनापेक्षा मोठी अडचण दुसरी आहे. मी वीस वर्षं ॲम्प्लिफायर दुरुस्त करतोय. आत ट्रान्सफॉर्मर हा सगळ्यात जड भाग, चार स्क्रूंवर बसलेला असतो. खोकं एकदा कोपऱ्यावर पडलं की ट्रान्सफॉर्मर बसकण सोडतो आणि खालची पाटी चिरते. सामानात आलेली अशी दोन यंत्रं माझ्या टेबलावर येऊन गेलीत. बाहेरून एकही ओरखडा नव्हता.

---

गुंजारव | १० सप्टेंबर, रात्री ८:२५

बुधवारातला, तुमच्या अनुभवाचा मान राखून थोडं वेगळं म्हणतो. मी २०१९ मध्ये सिंगापूरहून १२ किलोचा ॲम्प्लिफायर सामानात आणलाय. कंपनीचं मूळ खोकं, त्याभोवती चारही बाजूंनी दोन इंच फोम, त्यावर दुसरं खोकं. आजही रोज वाजतो. सासष्ट हजार ही लहान रक्कम नाही. नीट बांधलं तर आणावा.

---

बुधवारातला | १० सप्टेंबर, रात्री ९:१०

गुंजारव, दुहेरी खोक्याचं बरोबर आहे. पण मग ते २३ किलोत आणि विमान कंपनीच्या मापात बसतंय का, ते आधी मोजून घ्यावं लागेल.

---

काळी_एक | ११ सप्टेंबर, सकाळी ६:३०

ॲम्प्लिफायरची चर्चा चालू द्या. मला न्यू जर्सीच्या टर्नटेबलची काळजी वाटते, म्हणून रियाज बाजूला ठेवून लिहितोय.

अमेरिकेत वीज १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ. आपल्याकडे २३० आणि ५०. व्होल्टेजला ट्रान्सफॉर्मर लावता येतो, तो बुधवार पेठेत मिळतो. पण ट्रान्सफॉर्मर हर्ट्झ बदलत नाही. पुष्कळ जुन्या बेल्टच्या टर्नटेबलमध्ये अशी एसी मोटर असते जी विजेच्या हर्ट्झला बांधलेली असते. ती ६० साठी बनवलेली मोटर ५० वर लावली की पाच-षष्ठांश वेगाने फिरते. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांऐवजी २७.८.

याचा अर्थ गाण्यात काय होतो, ते मी कानांनी ऐकलंय. धाकट्या भावाने बॉस्टनहून असाच एक टर्नटेबल आणला. हौसेने एक ख्याल लावला. मी स्वयंपाकघरात होतो, तिथूनच ओरडलो, 'हे कोण गातंय?' गायक काळी एकमध्ये गाणारा, आणि ऐकू येत होती काळी पाच, खालची. ६ ला ५ हे गुणोत्तर म्हणजे नेमकं षड्ज आणि कोमल गंधार यांच्यातलं अंतर. अख्खी मैफल कोमल गंधाराएवढी खाली घसरलेली. तंबोरा घोगरा, तबला चिखलात वाजल्यासारखा. विलंबित इतका विलंबित की समेची वाट बघता बघता भाऊ म्हणाला, रेकॉर्ड खराब दिसतेय.

उपाय होता. मोटरच्या दांड्यावरची पुली १.२ पट मोठी करायची. जुनी १० मिलिमीटरची होती. मी सरळ गुणाकार केला आणि लेथवाल्याकडून १२ मिलिमीटरची पितळी पुली कातून आणली. लावली. जवळजवळ बरोबर, पण पेटीशी जुळेना; किंचित उतरलेली. दोन दिवस डोकं खाजवल्यावर कळलं की बेल्टची जाडी धरायची राहिली. बेल्ट ०.८ मिलिमीटरचा. म्हणजे १०.८ ला १.२ ने गुणायचं, १२.९६ येतात, त्यातून ०.८ वजा: १२.१६ मिलिमीटर. माझी पुली ०.१६ ने लहान होती. तेवढ्याने वेग किती कमी झाला? १२.८ ला १२.९६, म्हणजे ८० ला ८१. श्रुतींचा अभ्यास असलेल्यांना हे गुणोत्तर ओळखीचं आहे: एक प्रमाणश्रुती, म्हणजे दोन सुरांतलं अगदी बारीक अंतर! लेथवर राहिलेली केसाएवढी चूक कानाने पकडली होती. दुसरी पुली १२.१६ ची केली आणि सूर बसला.

तेव्हा ताईंना मोटर कसली आहे ते विचारा. डीसी मोटर असेल, किंवा टेक्निक्स एसएल-१२०० सारखा क्वार्ट्झ डायरेक्ट ड्राइव्ह असेल तर हर्ट्झचा प्रश्न येत नाही, फक्त व्होल्टेज बघायचं.

---

मंद्रसप्तक | ११ सप्टेंबर, सकाळी ८:००

काळी_एक, हा प्रतिसाद जपून ठेवला. ८१/८० वाचून उभा राहिलो.

---

साकुरा_पुणे | ११ सप्टेंबर, सकाळी ११:२०

जपानबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. मी सहा वर्षं ओसाकात होते. तिथे वापरलेल्या ऑडिओची दुकानं बघून वेड लागतं, इतकी जपलेली यंत्रं असतात. पण तिथे वीज १०० व्होल्ट. आणि एकाच देशात दोन हर्ट्झ: तोक्योकडे ५०, ओसाकाकडे ६०. त्यामुळे जपानी टर्नटेबलला पुष्कळदा दोन पुल्या किंवा ५०/६० चं बटण असतं. ते असेल तर काळी_एक यांनी सांगितलेली अडचण सुटते.

१०० व्होल्टचा ॲम्प्लिफायर मात्र स्टेपडाउनवर (व्होल्टेज उतरवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर) आयुष्यभर चालवावा लागतो, आणि कुणी चुकून थेट भिंतीत खोचला की क्षणात जळतो. आमच्याकडे कामवाल्या मावशींनी झाडताना प्लग काढला आणि दुसरीकडे लावला. त्यांची काहीच चूक नव्हती, मी प्लगवर चिठ्ठी लावायला हवी होती. जपानहून आणायचं असेल तर विजेला न जोडणाऱ्या वस्तू आणा: कार्ट्रिज (सुई जिच्यात बसते ती डबी), सुई, हेडफोन. मुठीत मावतात आणि २३० व्होल्टशी त्यांचा संबंध नाही.

---

बुधवारातला | ११ सप्टेंबर, दुपारी १:४५

साकुरा ताई, स्टेपडाउन घेताना लोक स्वस्त ऑटोट्रान्सफॉर्मर घेतात. त्यात दोन्ही वेढे एकमेकांना जोडलेले असतात, म्हणजे १०० व्होल्टच्या बाजूलाही घरच्या विजेचा थेट संबंध राहतो. वेगळ्या वेढ्यांचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर मागा. जड आणि महाग असतो, पण सुरक्षित.

---

कर्वेनगर_वायफाय | ११ सप्टेंबर, संध्याकाळी ७:३०

एक मुद्दा राहिला. तुमच्या ॲम्प्लिफायरमध्ये ब्लूटूथ किंवा वायफाय आहे का? असेल तर कुरिअरने येताना दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी विभागाची ईटीए (बिनतारी उपकरणांना लागणारी) मंजुरी मागू शकतात. माझा स्ट्रीमर (इंटरनेटवरून गाणी वाजवणारं यंत्र) त्यापायी तीन आठवडे अडकला आणि शेवटी परत गेला, जाण्या-येण्याचं भाडं माझ्या डोक्यावर. नुसत्या रेकॉर्डच ऐकायच्या असतील तर बिनतारी भानगड नसलेला मॉडेल बरा.

---

रविवारपेठ | १२ सप्टेंबर, सकाळी १०:००

आणि जुना, वापरलेला ॲम्प्लिफायर परदेशी लिलावाच्या साइटवरून घेतला तर? तिथे निम्म्या किमतीत दिसतात.

---

हिशेबनीस | १२ सप्टेंबर, सकाळी १०:४५

वापरलेल्या मालाच्या आयातीवर निर्बंध आहेत, यंत्रसामग्रीचा अपवाद सोडला तर परवाना लागतो. कुरिअरने जुना ॲम्प्लिफायर मागवणं म्हणजे स्वतःहून अडचणीत जाणं. जो माणूस दोन वर्षं परदेशात राहून कायमचा परत येतोय त्याची गोष्ट वेगळी. त्याला २०२३ च्या नियमाप्रमाणे निवास-बदलाच्या सवलतीत ५ लाखांपर्यंतचं घरगुती सामान ड्यूटीशिवाय आणता येतं, आणि त्या यादीत म्युझिक सिस्टिमचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. परत येणाऱ्यांनी आपले स्पीकर तिथे कवडीमोलाने विकू नयेत.

जोडीला अजून एक. दुरुस्तीसाठी परदेशी पाठवलेलं यंत्र तीन वर्षांच्या आत परत आणलं तर ड्यूटी फक्त दुरुस्तीच्या खर्चावर आणि जाण्या-येण्याच्या भाड्या-विम्यावर लागते. पण पाठवताना शिपिंग बिल (निर्यातीचा कस्टम्सचा कागद) करून, सीरियल नंबर नोंदवून पाठवायचं. नुसतं पार्सल केलं तर परत येताना ते नवीनच धरलं जातं.

---

शारदा_सदन | १२ सप्टेंबर, दुपारी ३:१५

मी गाणं शिकवते, यंत्रातलं फार कळत नाही. पण रेकॉर्डबद्दल दोन शब्द. ट्रंकेत इतकी वर्षं पडलेल्या रेकॉर्ड आधी धुवा, मग सुईचा विचार करा. एलपीला डिस्टिल्ड पाणी, अगदी थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल, एखादा थेंब सौम्य साबण, मऊ ब्रश, खाचेच्या दिशेने. लेबल भिजू देऊ नका. आणि ७८ च्या तबकड्यांना अल्कोहोल चुकूनही लावू नका! त्या लाखेच्या आहेत, लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. माझ्या गुरुजींच्या संग्रहातली एक तबकडी अशीच गेली. कापसाच्या बोळ्यावर काळा रंग आला, तेव्हा आम्हाला कळलं की मळ निघत नाहीये, गाणं निघतंय.

---

सहकारनगरकर | १२ सप्टेंबर, रात्री ९:५०

शारदाताई, आजच बाटली आणली होती, ७८ पासूनच सुरुवात करणार होतो. तुमचे आभार कसे मानू?

---

खाच_आणि_सुई | १३ सप्टेंबर, सकाळी ९:३०

सुईचा विषय निघाला म्हणून. ७८ आणि एलपी एका सुईने वाजवू नका. ७८ ची खाच रुंद असते, तिला ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई लागते. एलपीची सुई ०.७ मिलच्या आसपास. बारीक सुई रुंद खाचेच्या तळाशी घसरते आणि नुसती खरखर ऐकू येते.

तुमच्यासाठी सोयीचं म्हणजे ऑडिओ-टेक्निकाची व्हीएम९५ मालिका. कार्ट्रिजचं अंग एकच, सुया बदलता येतात. एलपीला एमएल सुई घ्या, तिचं टोक इतकं बारीक घडवलेलं असतं की जुन्या सुयांनी झिजवलेल्या जागेपेक्षा वेगळ्या ठिकाणी खाचेला टेकतं. बाबांनी शंभरदा ऐकलेल्या रेकॉर्डमध्ये फरक पडेल. ७८ ला एसपी सुई, तिचा दाब ५ ग्रॅम. सुई बदलली की दाब बदलायला विसरू नका.

कुणी डेनॉन डीएल-१०३ सुचवेल. सुंदर कार्ट्रिज आहे, १९६२ पासून चालत आलंय. पण ते मूव्हिंग कॉइल जातीचं, त्याला टर्नटेबलचा जड हात आणि वेगळा फोनो स्टेज (कार्ट्रिजचा बारीक सिग्नल वाढवणारा भाग) लागतो, आणि सुई घरी बदलता येत नाही. दोन प्रकारच्या तबकड्या आहेत तिथे नको.

हे सगळं पुतण्याच्या हातातल्या पिशवीत येईल. हेडफोनही त्यालाच सांगा. हलकं आणि महाग ते बाहेरून, जड ते इथून, हा माझा पंधरा वर्षांचा शिरस्ता.

---

कोथरूड_डेपो | १३ सप्टेंबर, दुपारी १२:००

आपल्याकडेही चांगलं बनतं हे विसरू नका. कोलकात्याचं सोनोडाइन आहे, आणि आपल्या पुण्यातच कॅडेन्सने इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर बनवलेत, ते परदेशात नावाजले गेले. आधी इथलं ऐकावं, मग बाहेर बघावं.

---

बुधवारातला | १३ सप्टेंबर, संध्याकाळी ५:४०

सहकारनगरकर, तीन दिवस एक गोष्ट मनात घोळतेय. बाबांच्या टर्नटेबलची मोटर 'गेली' म्हणजे काय झालं? वास आला? धूर? की बटण दाबल्यावर नुसतं गुंगुं करते आणि तबकडी फिरत नाही?

---

सहकारनगरकर | १३ सप्टेंबर, रात्री ८:१०

वास-धूर काही नाही. हाताला बारीक थरथर लागते. तबकडी बोटाने ढकलली तर अर्धा फेरा जाते आणि थांबते.

---

बुधवारातला | १३ सप्टेंबर, रात्री ८:२५

मग मोटर जिवंत आहे! वापरात नसल्याने बेअरिंगमधलं तेल गोंदासारखं घट्ट झालंय, आणि बहुधा कपॅसिटर थकलाय. ती मोटर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची, आपल्याच विजेवर जन्मभर चाललेली. पासोड्या विठोबाच्या आसपास कुठल्याही जुन्या मिस्त्रीकडे न्या. न्यू जर्सीहून काही आणू नका.

---

काळी_एक | १३ सप्टेंबर, रात्री ९:००

बुधवारातला, हा खरा सल्ला. माझ्या पुलीच्या कथेपेक्षा लाखपट कामाचा.

---

सहकारनगरकर | २१ डिसेंबर २०२३, रात्री ११:०५

धागा वर काढतोय, कारण तुम्हा सगळ्यांना सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मोटर दुरुस्त झाली. मिस्त्रीने उघडून दाखवली. बेअरिंगमधलं तेल तपकिरी राळेसारखं झालं होतं, टाचणीने खरवडून काढावं लागलं. केरोसिनने धुतली, नवं तेल दिलं, कपॅसिटर बदलला, बेल्ट नवा. सगळं मिळून ८५० रुपये.

ॲम्प्लिफायर शेवटी इथेच घेतला. पुतण्या आणायला तयार होता, पण त्याच्या १७ किलोंचा विचार करता करता मी डीलरला हिशेबनीस आणि विमानतळवारी ताईंचे दोन्ही हिशेब कागदावर लिहून दाखवले. त्याने शांतपणे वाचले आणि म्हणाला, दुकानात ऐकवण्यासाठी ठेवलेला नग २,१५,००० ला देतो, वॉरंटी पूर्ण. सामानातून आणला असता तर २,०३,२५० पडला असता. पावणेबारा हजारांसाठी जीव टांगणीला लावावा असं वाटलं नाही. गुंजारव, तुमचा मार्ग चुकीचा नव्हता. किंमत उतरली नसती तर मी त्याच वाटेने गेलो असतो.

पुतण्याने व्हीएम९५ एमएल, एसपी सुई आणि आईसाठी सेनहायझर एचडी ६०० आणले. सगळी बिलं मिळून ४७,००० च्या आत, तरी त्याने बिलं हातातच ठेवली होती. मुंबईला उतरला आणि शिवनेरीने पुण्याला आला, कार्ट्रिजची डबी स्वेटरच्या खिशात.

काल रात्री पहिली एलपी लावली. पाकिटामागे '७ ऑगस्ट १९७४'. आईने तारीख वाचली आणि म्हणाली, त्या दिवशी पाऊस होता, रेकॉर्ड शर्टाच्या आत घालून आणली होती, स्वतः चिंब. मी पाकीट दिव्याखाली धरलं. खालच्या कडेला पाण्याचा फिकट पिवळा डाग आहे. इतके महिने तो मला बुरशीचा वाटत होता.

---

काळी_एक | २१ डिसेंबर, रात्री ११:४०

डोळे भरून आले हो. एकच विचारतो, वेग तपासलात का? तबकडीवर कागदाचा कपटा चिकटवून मिनिटभर मोजायचं.

---

सहकारनगरकर | २२ डिसेंबर, सकाळी ७:१५

मोजायच्या आधीच आई उठून बाबांची पेटी घेऊन बसली. गायकाने षड्ज लावला, तिने काळी एक दाबून धरली. जुळली.